आठ बारांची चाल आणि तो बास ड्रम : फेनेलचं होल्स्ट-हँडल रेकॉर्डिंग

विंड एन्सेम्बलचं काहीतरी ऐकायचंय, सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की माझं उत्तर गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. टेलार्क या कंपनीचं होल्स्ट आणि हँडल या संगीतकारांचं रेकॉर्डिंग, वाजवणारे क्लीव्हलंड सिम्फनिक विंड्स, कंडक्टर फ्रेडरिक फेनेल. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो बरं, पण हेच का, आणि मग मी जे बोलायला लागते ते थांबतच नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

ज्यांना हा प्रकार अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. ऑर्केस्ट्रातून व्हायोलिन-चेलोचा सगळा ताफा काढून टाका, फार तर एखादा डबल बास राहू द्या, आणि उरलेल्या बासरी, ओबो, बसून (लांब लाकडी नळीचं खर्जातलं वाद्य), हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा यांच्यात भरपूर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि युफोनियम (ट्युबापेक्षा लहान पितळी वाद्य) घाला. म्हणजे जे काही आहे ते एकतर फुंकून वाजणारं नाहीतर ठोकून वाजणारं. व्हायोलिनवाला गज मागेपुढे करत सूर हवा तेवढा लांबवू शकतो, इथे छातीत हवा आहे तोवरच सूर आहे. त्यामुळे या संगीतातली प्रत्येक ओळ कुठे ना कुठे श्वास घेते आणि तसा तो घेणार हे गृहीत धरूनच चांगला संगीतकार ती लिहितो. मला या प्रकाराचं वेड लागलं ते यामुळेच, आणि या रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास जितका स्वच्छ जाणवतो तितका मी फार कमी ठिकाणी ऐकलाय.

रेकॉर्डिंग एप्रिल १९७८ चं आहे, क्लीव्हलंडच्या सेव्हरन्स हॉलमध्ये केलेलं, साउंडस्ट्रीमच्या डिजिटल मशीनवर. तेव्हा सीडी बाजारात यायला अजून चार वर्षं होती, त्यामुळे आवाज टिपला डिजिटल पण लोकांच्या हातात आली ती एलपी. सिम्फनिक संगीताचं अमेरिकेत विक्रीला आलेलं पहिलं डिजिटल रेकॉर्डिंग म्हणून याची नोंद आहे आणि ऑडिओवाल्या मंडळींमध्ये हे त्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे विषय निघाला की पाचव्या मिनिटाला बास ड्रमवर येतो, मीही येणार आहे, पण जरा वेळाने. कारण बास ड्रमसाठी हे घेतलं आणि फक्त तेवढंच ऐकलं तर खरा माल हातातून निसटला.

आधी फेनेलबद्दल सांगायला हवं. हा माणूस मूळचा तालवादक आणि जन्माने क्लीव्हलंडचाच. १९५२ मध्ये ईस्टमन स्कूल या संगीत महाविद्यालयात त्याने ईस्टमन विंड एन्सेम्बल सुरू केलं, आणि ती कल्पना त्याला सुचली आजारपणात हॉस्पिटलमध्ये पडून असताना. कल्पना म्हटली तर साधी. तोपर्यंतचे बँड म्हणजे एकेका ओळीवर सहा-सहा, आठ-आठ वादक, भरभक्कम आवाज पण कडा पुसट झालेल्या. याने ठरवलं की शक्यतो एका ओळीला एकच वादक ठेवायचा. असं केल्यावर प्रत्येकाला आपली ओळ एकट्याने पेलावी लागते, शेजाऱ्याच्या आवाजामागे लपता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला एकेका वाद्याचा रंग वेगळा दिसायला लागतो. या विचारात पंचवीस वर्षं मुरलेला माणूस १९७८ मध्ये क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राच्या वादकांसमोर उभा राहतो तेव्हा काय होतं ते इथे ऐकायला मिळतं.

आता होल्स्टचा पहिला सुइट, इ फ्लॅटमधला, १९०९ सालचा. सुइट म्हणजे छोट्या भागांची मालिका, आणि एकेका भागाला मूव्हमेंट म्हणतात. होल्स्ट म्हटलं की लोकांना ग्रहांचा तो मोठा ऑर्केस्ट्रल सुइट आठवतो, पण तो नंतरचा. त्याच्याआधी काही वर्षं या माणसाने मिलिटरी बँडसाठी हे दहा-अकरा मिनिटांचं काम लिहून ठेवलं. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा. लहानपणापासून पियानो शिकला, पण उजव्या हाताच्या न्यूरायटिसमुळे (नसांच्या दुखण्यामुळे) पियानोवादक होणं राहून गेलं आणि मग काही वर्षं ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलं. ब्रासच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या, मागच्या रांगेत बसून किती बार (तालाची छोटी ठराविक मापं) मोजत गप्प राहावं लागतं आणि मग एकदम कुठे आत यावं लागतं, हे त्याला अंगाने माहीत होतं. सुइट ऐकताना ते कळतं. यात कुठल्याच वाद्याला नुसतं भरताड वाजवायला दिलेलं नाही.

पहिली मूव्हमेंट शकॉन. शकॉन म्हणजे एक छोटी चाल, जी पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्या भोवती बाकीचं सगळं बदलत जातं. तबल्याच्या सोलोत लेहरा कसा गोल फिरत राहतो आणि कान त्याला धरून ठेवतो, तसं काहीसं, फक्त इथे तो लेहरा स्वतःसुद्धा जागा बदलतो. आठ बारांची चाल, तीनच्या ठेक्यात, सुरुवातीला फक्त ट्युबा आणि युफोनियम. बाकी सगळे गप्प.

हे मी वाजवलंय, युफोनियमवर, एका हौशी ग्रुपमध्ये, आणि तो पहिला क्षण मला अजून तसाच्या तसा आठवतो. सगळा हॉल शांत, कंडक्टरचा हात वर, आणि पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत तुम्ही आणि शेजारची ट्युबा सोडून कुणीही आवाज करणार नाही. वाजवायला सांगितलंय हळू. हळू वाजवायला हवा कमी लागते असं वाटतं पण खालच्या पट्टीत हळू आणि स्थिर वाजवायचं तर पोटातून इतका आधार द्यावा लागतो की चौथ्या बारपर्यंत दम संपत आल्यासारखा वाटतो. तालमीत ट्युबा वाजवणारे काका माझ्या कागदावर वाकले, पेन्सिलीने सुरांच्या वर एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले, "तू इथे श्वास घे, मी पुढच्या बारमध्ये घेतो, दोघं एकदम घेतला तर भोक पडेल." त्या एका स्वल्पविरामाने मला अख्खी मूव्हमेंट समजावली. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने त्या वेळी धरून ठेवायचं, आणि ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटली पाहिजे.

फेनेलच्या रेकॉर्डिंगमध्ये ही सुरुवात कशी आहे तर कोणतीही घाई नाही. चाल येते, संपते, ट्रॉम्बोन-कॉर्नेट तिला उचलतात, मग लाकडी वाद्यं (बासरी, ओबो, क्लॅरिनेट वगैरे) तिच्याभोवती धावायला लागतात आणि ती चाल मात्र कधी खाली कधी मधल्या थरात कधी सगळ्यात वर अशी सरकत राहते. मध्ये एक जागा आहे, सगळा गडगडाट ओसरतो आणि ती एकट्या वाद्याकडे येते, तिथे माझा हात दर वेळी आपोआप थांबतो, काहीही काम करत असले तरी. त्याच्याच पुढे होल्स्ट ती चाल उलटी करतो. म्हणजे जिथे सूर वर चढत होता तिथे तेवढाच खाली उतरतो. पहिल्यांदा ऐकताना कळत नाही की ही तीच चाल आहे, फक्त एकदम ढग आल्यासारखं वाटतं. मग हळूहळू पुन्हा सुलटी होते, वाद्यं एकेक करून वाढत जातात आणि शेवटी सगळं एन्सेम्बल मिळून तीच आठ बारांची साधी चाल म्हणतं. आवाज नुसता मोठा होत नाही हो, रुंद होतो, पायाखालून येतो. आणि इथे तो बास ड्रम आहे.

बास ड्रमबद्दल आता. त्या काळच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये बास ड्रम म्हणजे दूरवर एक 'धब' असा आवाज. टेलार्कच्या लोकांनी इथे मोजकेच मायक्रोफोन लावले आणि आवाजाला हॉलमध्ये पसरू दिलं, त्यामुळे ठोका पडल्यावर आधी कातड्याचा आवाज येतो, मग त्या मोठ्या पिंपातली हवा हलते, मग हॉल त्याला उत्तर देतो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. कंडक्टर स्वतः तालवादक असल्यामुळे असेल पण ठोका कधी एकटा पडत नाही, तो नेहमी ब्रासच्या सुराच्या पोटात पडतो, सुराला खालून ढकलतो. जे लोक स्पीकर तपासायला हे रेकॉर्डिंग लावतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एकदा तरी तो ठोका पडायच्या आधीची चार मिनिटं ऐका. तिथवर चालत आल्याशिवाय त्या ठोक्याचं वजन कळायचं नाही.

दुसरी मूव्हमेंट इंटरमेझ्झो. हलकी, चटपटीत, क्लॅरिनेट आणि ओबो बारीक टाचणीने टोचल्यासारखे सूर वाजवतात आणि खाली एक ठेका टिकटिकत राहतो. तिसरी मूव्हमेंट म्हणजे मार्च, कवायतीच्या चालीची. मार्चमध्ये सुरुवातीला ब्रासचा जोर, मग मधल्या भागात लाकडी वाद्यांची एक लांब, मोकळी चाल, आणि शेवटी होल्स्ट त्या दोन्ही चाली एकावर एक ठेवतो आणि त्या बसतात. ज्या दिवशी मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी ती दीड मिनिटं सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकली. आणखी एक गंमत कागद समोर घेतल्यावर दिसली, की तिन्ही मूव्हमेंट शकॉनच्या पहिल्या तीन सुरांतून निघतात. इ फ्लॅट, एफ, सी. इंटरमेझ्झोत ते पळत येतात, मार्चमध्ये उलटे होऊन येतात. होल्स्टने लिहून ठेवलंय की तिन्ही भाग मध्ये न थांबता वाजवावेत, ते कशासाठी हे इथे समजतं.

आणि याच गोष्टीवरून माझी एक तक्रार आहे, रेकॉर्डिंगबद्दल नाही, ऐकायच्या साधनाबद्दल. एका स्ट्रीमिंग ॲपवर मी हे लावलं तेव्हा शकॉनचा शेवटचा सूर अजून हॉलमध्ये विरतोय तोवर मध्ये जाहिरात आली. वर त्या ॲपने सगळ्या ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणून ठेवलेला, म्हणजे सुरुवातीची ट्युबा जेवढी मोठी जवळपास तेवढाच शेवट मोठा. असं ऐकून कुणी म्हणालं की यात काय विशेष, तर त्या माणसाची काही चूक नाही. आवाज समान करणारी ती सेटिंग बंद करा, जमलं तर सीडी घ्या किंवा पूर्ण फाइल विकत घेऊन ऐका.

फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका. ट्युबाचा मूळ सूर तो एवढासा स्पीकर काढूच शकत नाही, वरचे उपसूर तेवढे बाहेर पडतात आणि बाकीचं कान अंदाजाने भरून काढतो. या संगीतात मजला खालून बांधत आणलेला असतो, पायाच ऐकू आला नाही तर वरचं सगळं लटकतं. मोठे स्पीकर नसतील तर बरे हेडफोन चालतील, पण आवाजाची पातळी आधी मार्चच्या शेवटावर ठरवा आणि मग मागे जाऊन सुरुवातीपासून लावा. शकॉनची सुरुवात हळू आहे म्हणून लोक आवाज वाढवतात आणि चार मिनिटांनी कानावर आदळतो, माझ्या मैत्रिणीचं झालंय असं.

दुसरा सुइट एफ मेजरमधला, १९११ चा, आणि तो सगळाच्या सगळा इंग्लिश लोकगीतं आणि लोकनृत्यांच्या चालींवर बांधलेला. पहिल्या मार्चमध्ये युफोनियमला एक मोठी सलग चाल आहे, 'स्वानसी टाउन', आणि या वाद्याचा आवाज कसा असतो असं कुणी विचारलं तर मी हीच जागा ऐकवते. ट्रॉम्बोनपेक्षा गोल, हॉर्नपेक्षा मोकळा, माणसाच्या भरदार गळ्याच्या सगळ्यात जवळचा. क्लीव्हलंडच्या वादकाने ती गायल्यासारखी वाजवली आहे, कुठेही छाती फुगवून दाखवलेली नाही. दुसरी मूव्हमेंट संथ, शब्दांशिवायचं गाणं. तिसरी लोहाराचं गाणं, त्यात खरोखरची ऐरण वाजते, आणि ब्रासचे तुकडे ठोक्याच्या मधोमध येतात, चारचा ठेका आणि तीनचा ठेका आलटून पालटून, त्यामुळे पायाने ताल धरायला गेलं की पाय चुकतो. ऐरणीचा आवाज या रेकॉर्डिंगमध्ये इतका टणक आणि जवळ आहे की पहिल्या वेळी मी दचकले होते.

पण या सुइटचा जीव चौथ्या मूव्हमेंटमध्ये आहे. 'दार्गासन' नावाची एक जुनी नाचाची चाल, तीही आठच बारांची, आणि तिची खासियत अशी की ती संपतच नाही, शेवटचा सूर आला की तो पहिल्या सुरावर नेऊन सोडतो. ती अशी गरागरा फिरत असते आणि मग अचानक तिच्या पोटातून 'ग्रीनस्लीव्हज' वर येतं, लांब लांब सुरांत, दुसऱ्याच लयीत. एक चाल नाचतेय आणि दुसरी तिच्यावरून तरंगत जातेय, आणि दोघींची मापं वेगळी असूनही त्या भेटतात. शेवटी तर सगळं एन्सेम्बल गळून पडतं आणि फक्त पिकोलो (छोटी बासरी) आणि ट्युबा उरतात, सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं, मध्ये पूर्ण रिकामी जागा. मग एक जोरदार सूर आणि संपलं. होल्स्टला ही मूव्हमेंट स्वतःलाही आवडली असणार कारण त्याने नंतर तीच तंतुवाद्यांसाठी सेंट पॉल्स सुइटमध्ये घेतली. तो अवतारही छान आहे, पण तिथे शेवटी दोन्ही टोकांना तंतुवाद्यंच आहेत, म्हणजे एकाच घरातली माणसं. पिकोलो आणि ट्युबाचं जे अंतर आहे ते तिथे येत नाही.

आता हँडल. 'म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स' म्हणजे २७ एप्रिल १७४९ ला लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाच्या जल्लोषासाठी वाजवलेलं संगीत. दुसऱ्या जॉर्ज राजाला व्हायोलिनं नको होती, लष्करी वाद्यंच हवी होती, म्हणून हँडलने २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि टिंपनीच्या (सुरात लावलेल्या नगाऱ्यांच्या) तीन जोड्या असं लिहिलं. आतषबाजीसाठी जो मोठा लाकडी मंडप उभारला होता त्याच्या एका बाजूला त्या रात्री आग लागली, संगीत मात्र टिकलं. पुढे हँडलने तंतुवाद्यं घातली आणि आज बहुतेक ठिकाणी तसंच ऐकायला मिळतं. म्हणून विंड एन्सेम्बलने हे वाजवणं योग्यच आहे, मूळ घरी परत आल्यासारखं.

तरीसुद्धा खरं सांगायचं तर या रेकॉर्डिंगमधला हा भाग मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचा भाग, भव्य आहे, ट्रम्पेट चमकतात, टिंपनी उत्तम, पण वाद्यं आधुनिक आणि फेनेलचा हात जरा जड, त्यामुळे जलद भागात चाल जमिनीवरून उचलत नाही. चोवीस ओबोंचा तो खरखरीत, नाकातून येणारा सनईसारखा झणझणीतपणा हवा असेल तर जुन्या बनावटीच्या वाद्यांवर केलेलं एखादं रेकॉर्डिंग शोधा, तिथे हेच संगीत वेगळंच भेटतं. 'ला रेजुइसान्स' या त्यातल्या भागासाठी मात्र मी इकडेच येते. तिथे जडपणाच कामाला येतो.

यातच बाखची फँटेसिया इन जी आहे, मूळ ऑर्गनची, इथे एन्सेम्बलसाठी बसवलेली. थोडक्यात सांगते, सुंदर आहे. ऑर्गन हेसुद्धा शेवटी हवेवर चालणारं वाद्य आणि इथे तो हवेचा भाता चाळीसेक माणसांच्या छातीत वाटला गेलाय असं वाटतं. एकावर एक सूर असे अडकत आणि सुटत जातात की कुठे कोण आला नि कोण गेला कळत नाही. रात्री दिवा बंद करून ऐकायचा हा भाग.

कमी काय आहे? एक तर सगळं मिळून तास भरत नाही, एलपीच्या दोन बाजूंच्या हिशोबाने आखलेलं आहे ते. दुसरं, पहिल्या सुइटची दुरुस्त केलेली नवी आवृत्ती १९८४ मध्ये आली, हे रेकॉर्डिंग तिच्या आधीचं, त्यामुळे नवी प्रत समोर घेऊन ऐकणाऱ्यांना काही खुणा जुळणार नाहीत. तिसरं म्हणजे सुरुवातीच्या डिजिटल तंत्राचा किंचित कोरडेपणा वरच्या सुरांत आहे, विशेषतः झांजांमध्ये. मला तो खुपत नाही, पण आहे हे खरं. या सगळ्याचे गुण कापूनही पाचपैकी साडेचार.

आणि चौथी गोष्ट, जी खरं तर तक्रार म्हणता येणार नाही, ती म्हणजे यात ग्रेंजरचं 'लिंकनशायर पोझी' नाही. होल्स्ट आवडला की पुढची पायरी हीच, म्हणून इथे सांगून टाकते. पर्सी ग्रेंजर १९०५-०६ च्या सुमारास लिंकनशायरमध्ये जाऊन म्हाताऱ्या गायकांकडून गाणी गोळा करत होता, आणि नुसती लिहून न घेता एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करत होता. त्याला फक्त चाली नको होत्या. एखादा म्हातारा मध्येच दम घ्यायला थांबतो, एखादा सूर आवडला म्हणून जास्त धरतो, एखादी ओळ घाईने म्हणतो, ते सगळं त्याला हवं होतं. तीस वर्षांनी १९३७ मध्ये त्याने सहा मूव्हमेंटचं हे काम लिहिलं तेव्हा त्या लकबी त्याने तशाच ठेवल्या. 'रफर्ड पार्क पोचर्स'मध्ये बारांची मापं दर ओळीला बदलतात, 'लॉर्ड मेलबर्न'मध्ये तर सुरुवातीला ठराविक मापच नाही, कंडक्टर हाताने एकेक सूर सोडतो आणि ब्रास त्याच्यामागे जाते. वादकांना हे इतकं अवघड गेलं की पहिल्या सादरीकरणात सगळ्या मूव्हमेंट वाजवताच आल्या नाहीत. आणि हे काम त्याने अर्पण केलंय त्याला गाणी देणाऱ्या लोकगायकांना.

मी होल्स्टला पहिलं आणि ग्रेंजरला दुसरं सांगते याचं कारण असं की होल्स्ट श्वास कसा लपवायचा ते शिकवतो आणि ग्रेंजर तो उघडा ठेवतो. 'हॉर्कस्टो ग्रेंज' ऐका, जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं आहे, सगळं एन्सेम्बल एकाच गळ्यासारखं फुगतं आणि ओसरतं, मध्ये एकटा ट्रम्पेट येतो तिथे काळजात काहीतरी हलतं. याचंही फेनेलने ईस्टमनबरोबर पन्नासच्या दशकात मर्क्युरी या कंपनीसाठी केलेलं रेकॉर्डिंग आहे, आवाज जुना पण धार अशी की नंतरच्या बऱ्याच गुळगुळीत रेकॉर्डिंगपेक्षा मी तेच लावते.

त्याच्यापुढे कुठे जायचं हे मग ज्याच्या त्याच्या आवडीवर. शांत काही हवं असेल तर मोझार्टची 'ग्रान पार्टिटा', बारा फुंकवाद्यं आणि एक डबल बास, सात मूव्हमेंट, त्यातला तिसरा भाग अडाजिओ. खाली एक साधा हलणारा ठेका आणि वर ओबो एक सूर धरून ठेवतो, मग क्लॅरिनेट तो त्याच्याकडून घेतो, मग बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटचाच खालच्या सुरांचा भाऊ). कुठेही सांधा दिसत नाही. आणि अंगावर येणारं काही सोसत असेल तर कारेल हुसाचं 'म्युझिक फॉर प्राग १९६८'. ऑगस्ट १९६८ मध्ये आपल्या जन्मगावात रणगाडे शिरल्याची बातमी त्याने अमेरिकेत रेडिओवर ऐकली आणि हे लिहिलं, पंधराव्या शतकातल्या एका हुसाइट (तिथल्या धर्मसुधारकांच्या पंथाच्या) युद्धगीताचे सूर आधाराला घेऊन. सुरुवातीला एकटी पिकोलो आहे, पक्ष्यासारखी, आणि खाली टिंपनी त्या गीताचे पहिले सूर हळूच वाजवते. तिसरी मूव्हमेंट फक्त तालवाद्यांची. हे पार्श्वसंगीत म्हणून लावू नका, वेळ काढून बसा आणि ऐकून झाल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

पण पहिल्यांदाच ऐकणार असाल तर फेनेलच्या होल्स्टपासूनच सुरू करा, पहिला सुइट, सलग, जाहिरातींशिवाय, आणि सुरुवातीची आठ बारं कान देऊन. चौथ्या-पाचव्या बारच्या आसपास ट्युबा आणि युफोनियमपैकी कोण कधी श्वास घेतं ते सापडतंय का बघा. मला या रेकॉर्डिंगमध्ये ते अजून सापडलेलं नाही.